छाप्याचा पत्ता

"गुन्ह्याला सीमा नसतात, पैशाला सीमा नसतात, आणि म्हणूनच आजपासून आपल्या तपासालाही सीमा राहणार नाहीत!"

संचालकांनी मूठ आवळून हे वाक्य तपास कार्यालयाच्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सोडलं आणि ते टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर प्रशासनाच्या बाईंनी ध्वनिक्षेपक ताब्यात घेऊन एक सूचना केली. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या किल्ल्या इमारतीच्या मालकाकडून अजून आलेल्या नाहीत, तरी आंतरराष्ट्रीय विभागाने तूर्त दुसऱ्या मजल्यावर जावं.

आंतरराष्ट्रीय विभाग म्हणजे भिंगसाहेब. विभागात आणखी माणसं नव्हती असं नाही, पण ती येत-जात असत. भिंगसाहेब तेवढे भिंतीवरच्या घड्याळासारखे कायम. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच सुखात होतं. कुठल्याही गोष्टीकडे ते डोळे बारीक करून बघत, म्हणून भिंग. लग्नपत्रिका आली तरी खालची नावं वाचून विचारत, "यातला खर्च नक्की कोण करतंय?"

आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं. खरा मालक शोधायचा. एका कंपनीची मालक दुसरी कंपनी, दुसरीची तिसरी, तिसरीच्या डोक्यावर एक ट्रस्ट, आणि त्या ट्रस्टचा पत्ता म्हणजे कुठल्याशा बेटावर, न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली. त्या खोलीत कधी कोणी राहत नाही, पण तिथून तीन देशांची बंदरं चालतात. भिंगसाहेबांना पोहता येत नव्हतं, विमानात पोटात कालवत असे. तरी खुर्चीत बसल्या बसल्या ते अशी सगळी बेटं पालथी घालून आले होते. संध्याकाळी चप्पल घालून घरी जाताना त्यांच्या चेहऱ्यावर कधी कधी समुद्रावरून आल्यासारखा थकवा दिसे.

सध्या त्यांच्या मागे लागले होते आजोबा. म्हणजे खरं तर भिंगसाहेबच आजोबांच्या मागे होते, पण घरच्यांना उलटं वाटायचं. हे टोपणनाव विभागानेच ठेवलेलं. त्या गृहस्थाचा फोटो वर्तमानपत्रात यायचा तो नेहमी लहान मुलांना पुस्तकं वाटताना, डोळ्यांत माया आणि अंगात विणलेला स्वेटर. त्यामुळे उपाहारगृहातल्या गप्पा शेजारच्या टेबलावर ऐकू गेल्या, तर ही एकाच घरातली भांडकुदळ नातवंडं आहेत असंच कुणालाही वाटलं असतं.

"आजोबांनी परत नवी कंपनी काढली."

"या वयात?"

"परवा तर म्हणे दोन काढल्या. एक सकाळी, एक जेवण झाल्यावर."

हसण्यासारखं तेवढंच होतं. आजोबांनी तीन देशांच्या सरकारी रुग्णालयांना रक्त शुद्ध करणारी यंत्रं पुरवली होती. यंत्रं दिसायला देखणी होती. कळ दाबली की हिरवा दिवा लुकलुकायचा, बारीक घरघर यायची. आत काही नव्हतं. घरघर करायला एक छोटा पंखा होता, बस. रुग्णांचे नातेवाईक त्या हिरव्या दिव्याकडे बघत आठवडेच्या आठवडे बसून राहिले होते. भिंगसाहेबांनी त्यातल्या काहींचे जबाब वाचले होते आणि त्यानंतर घरातल्या फ्रिजची घरघर त्यांना सहन होईना.

पैसा कुठून कुठे गेला, हे त्यांनी बरंचसं जुळवलं होतं. नव्हता तो जिवंत माणूस, न्यायालयात उभं राहून 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणणारा. आणि एक दिवस असा माणूस आपणहून फोनवर आला. आली.

ती एका कंपनीत हिशेबनीस होती. त्या कंपनीचा धंदा इतर कंपन्या काढून देण्याचा. आजोबांच्या साऱ्या कंपन्या तिच्या हाताखालून गेलेल्या. फोनवर आवाज शांत, पण शब्द भराभर.

"साहेब, बसथांब्यामागे एक बाग आहे. तिथे बसू. मी भाजी निवडत बसेन, तुम्ही पेपर उघडून बसा."

"बाई, हा सिनेमा नाही. बागेतला जबाब न्यायालयात उभा राहत नाही. कार्यालयातच यावं लागेल."

"मग माझ्या बहिणीचं केस कापायचं दुकान आहे, दुपारी तिथे—"

"बाई."

"तुमच्याकडे दारात फोटो काढतात म्हणे."

"काढतात. नियम आहे. आमच्या दारातून फोटो काढल्याशिवाय संचालकांची सासूही आत येत नाही."

मग ती म्हणाली, "आता माझं ऐका. माझं नाव फुटलं तर नोकरी जाईल. तिचं मी बघेन. पण घर कंपनीचं आहे, तेही जाईल. माझ्या वडिलांना दिसत नाही, साहेब. या घरात त्यांना सगळं हाताने पाठ आहे. पलंगापासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून खिडकी. चहा स्वतः करून घेतात. दुसऱ्या घरात नेलं तर ते नुसते बसून राहतील. एवढं एक घर सांभाळा माझं. बाकी मी सगळं सांगते."

"तुमचं नाव माझ्या विभागाबाहेर जाणार नाही," भिंगसाहेब म्हणाले. "माझा शब्द."

शब्द त्यांनी मनापासून दिला होता. बेटांवरच्या माणसांनी त्यांना आजवर पुष्कळ फसवलं, पण त्यांनी स्वतः कुणाला फसवलं नव्हतं, आणि ही सवय त्यांना नडेल असं कुणी सांगितलं असतं तर ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले असते.

ती आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला. दारावरचा सुरक्षारक्षक भलताच अदबशीर होता. त्याचा गणवेश कडक इस्त्रीचा, बटणं चकचकीत. जुन्या कार्यालयात रक्षक म्हणजे बाकावर घोरणारा एक म्हातारा होता. त्यामानाने ही प्रगतीच.

"रुमाल जरा मागे घ्या, मॅडम. वर बघा. हां, छान."

तिने मागे वळून भिंगसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. फोटो निघाला. पोशाखावर चिकटवायचा पास मिळाला.

वर गेल्यावर मात्र तिची जीभ सुटली. जबाब तीन बैठकांत झाला, आणि तीनही वेळा भिंगसाहेबांनाच घाम फुटला.

"हे वाक्य तुम्ही तिसऱ्यांदा खोडताय, साहेब. एवढ्या वेळात आमच्याकडे एक कंपनी निघते."

"आजोबा स्वतः सह्या करतात का?"

"छे. ते काही मागतसुद्धा नाहीत. नुसतं विचारतात, 'असं करता येतं का गं?' आणि आठवड्याने ते झालेलं असतं. मग घरच्यांची चौकशी करतात. माझ्या वडिलांसाठी एकदा काठी पाठवली त्यांनी. चांगली काठी आहे, खोटं कशाला बोलू."

"आणि यंत्रांचा पैसा?"

"सगळा निशिगंधमध्ये जातो. कंपन्यांना फुलांची नावं द्यायची हौस त्यांना. निशिगंध त्या पैशाने इमारती विकत घेते आणि भाड्याने देते. भाडं म्हणजे स्वच्छ पैसा, कोण विचारणार? निशिगंधची एक इमारत याच शहरात आहे, एवढं मला माहीत आहे. कुठली, ते आमच्या टेबलावर कधी आलं नाही. ती सापडली की तुम्हाला आजोबांचा पदर सापडला."

तिसऱ्या बैठकीनंतर ती जायला उठली. दारात थांबून म्हणाली, "आज पहिल्यांदा बरी झोप लागेल."

भिंगसाहेबांनी मग जेवणखाण बाजूला ठेवून निशिगंधचा माग काढला. पहिल्या बेटावर तिची मालक कण्हेर, दुसऱ्यावर शेवंती, मग एक ट्रस्ट, मग एका वकिलाची विधवा जिला आपण चोवीस कंपन्यांच्या अध्यक्ष आहोत हे ऐकून रडू आलं, आणि अखेर जमीन-नोंदणी कार्यालयातला एक उतारा. इमारत मिळाली. नदीकाठचा रस्ता, भूखंड अमुक, काचेची सहा मजली वास्तू. भिंगसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर तबला वाजवला. छाप्याचा आदेश निघाला. चार अधिकारी, दोन पंच, एक कुलूप तोडणारा, दोन गाड्या, आणि गुप्तता इतकी की पत्त्याचा लिफाफा गाडीत बसल्यावरच फोडायचा.

इथे एक सांगायला हवं. कार्यालय नुकतंच हललेलं होतं. भिंगसाहेबांच्या खिशातल्या ओळखपत्रावर अजून जुनाच पत्ता होता. टपाल अजून जुन्या जागी जाऊन परत येत होतं. नवी जागा कुठे, असं विचारलं तर सगळे सांगत, "पुलापलीकडची काचेची." रस्त्याचं नाव काय, भूखंड कितवा, हे कुणाच्या तोंडी बसलेलंच नव्हतं. बसलं असेल तर फक्त चालकाच्या, कारण वीज बिल भरायला त्यालाच पाठवत.

सगळे गाड्यांत बसले. कुलूप तोडणाऱ्याने हत्यारं मांडीवर घेतली. भिंगसाहेबांनी लिफाफा फोडून पत्ता चालकाच्या हातात दिला. त्याने वाचला. आरशात मागे बघितलं. पुन्हा वाचला. मग हात पुढे नेऊन गाडी बंद केली.

"काय झालं?"

"साहेब, पोचलो."

मागच्या गाडीतही हे कळलं आणि आधी हशा उसळला. भिंगसाहेबसुद्धा हसले, थोडं, सवयीने. खऱ्या मालकाच्या शोधात त्यांनी पृथ्वी पालथी घातली होती, पण डोक्यावरचं छत कुणाचं आहे हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनाच काय, जगभरच्या मालकांची बित्तंबातमी काढणाऱ्या त्या अख्ख्या कार्यालयात कुणालाच नाही. आणि मग गाडीच्या काचेतून त्यांना फाटक दिसलं. फाटकातून तो अदबशीर रक्षक त्यांना सलाम करत होता. त्यांचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते खाली उतरवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

ते उतरून जवळजवळ धावत गेले.

"तुम्ही पगार कुणाकडून घेता?"

"व्यवस्थापनाकडून, साहेब. इमारतीच्या. आमचं, साफसफाईचं, कॅमेऱ्यांचं, सगळं भाडेकरारातच आहे."

"आणि पाहुण्यांचे फोटो?"

"रोज संध्याकाळी व्यवस्थापनाला पाठवतो. नावं, वेळ, कुणाला भेटले, सगळं." रक्षकाला वाटलं, साहेब कामात कसूर शोधताहेत. तो छाती पुढे काढून म्हणाला, "एक दिवस चुकलेला नाही, साहेब. तुम्ही तपासून बघा."

भिंगसाहेबांनी तिथेच उभं राहून हिशेबनीस बाईंचा नंबर फिरवला. फोन बंद होता. पुन्हा फिरवला. मग कुलूप तोडणारा जवळ येऊन विचारू लागला, की आपण आता जायचं का थांबायचं, म्हणजे त्याला त्याप्रमाणे पैसे लावता येतील.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावायला सांगितलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे, भिंग?"

"मला, दोन गाड्यांतल्या माणसांना आणि आजोबांना."

"गाड्यांतल्यांचं बघू आपण." संचालक खुर्चीत मागे रेलले. खुर्चीही भाडेकरारातलीच होती. "माझी काय चूक सांगा. निविदा सगळ्यात कमी दराची होती. मी नियमाने सही केली."

"मीही तिचा फोटो नियमानेच काढायला लावला."

"बघा! म्हणजे आपल्यापैकी कुणीच चुकलेलं नाही."

"साहेब, तळघरात आपले पुरावे आहेत, त्या बाईंचा जबाबसुद्धा. तिथली दुसरी किल्ली व्यवस्थापनाकडे असते."

संचालकांनी डोळे मिटले. "हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"आपण इथून निघायला हवं. आजच."

"करार पाच वर्षांचा आहे. मधे सोडला तर दंड पडतो."

"कुणाला भरायचा?"

संचालक खिडकीबाहेर बघू लागले. खाली रक्षक कुणाचा तरी फोटो काढत होता. "बाहेर कळलं, की आपण आरोपीलाच दरमहा भाडं देतो, तर आपली छी-थू होईल. त्यांचा वकील पहिल्या दिवशी सगळे पुरावे डागाळलेले ठरवेल. तेव्हा प्रकरण तूर्त पुनर्विलोकनासाठी ठेवू."

"कधीपर्यंत?"

पुनर्विलोकनालाही सीमा नसतात, असं संचालक म्हणाले नाहीत. चेहऱ्यावरून तेवढं कळलं.

"आणि त्या बाई?"

"त्यांना आपण पत्र देऊ," संचालक म्हणाले. "आभाराचं. माझ्या सहीचं."

घरी बायकोने ताट वाढलं. भिंगसाहेबांनी सगळं सांगितलं, कारण तिला सांगितलं नाही तर ती चेहऱ्यावरून वाचायची आणि मग वाचताना भर घालायची. तिने ऐकून घेतलं.

"अहो, अख्ख्या जगात कोण कशाचा मालक ते तुम्हाला ठाऊक. आपण राहतो ते घर कुणाचं आहे, ते तरी बघितलंय का कधी?"

"तुझ्या भावाचं."

"तेवढं बरं आठवतंय." तिने आमटीची वाटी पुढे सरकवली. हसायचा प्रयत्न दोघांनीही करून बघितला. मग ती हलकेच म्हणाली, "त्या बाईचे वडील आता काय करतील हो?"

भिंगसाहेब जेवले नाहीत. फ्रिज घरघरत होता. त्यांनी उठून त्याचं बटण बंद केलं, आणि बायकोने काही न बोलता थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू केलं, कारण आत दूध होतं.

रविवारी सकाळी ते तिच्या घरी गेले. वाटेत पाठ करावं तसं काय बोलायचं ते जुळवत होते. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडंच होतं. आतलं कपाट, टेबल, पलंग सगळ्यांवर कंपनीच्या मालकीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ते सामान इथेच राहायचं होतं. हिशेबनीस बाई खोक्यांना दोऱ्या बांधत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गाठ मारू लागली.

खोलीच्या मधोमध एकाच खुर्चीवर तिचे वडील बसले होते. हातात काठी. खरंच चांगली काठी होती.

"कोण आलंय गं?"

"ऑफिसातले आहेत, बाबा."

"बसा म्हणावं त्यांना."

"तुम्ही बसलाय ती शेवटची खुर्ची आहे."

"मग मी उठतो," म्हणत म्हातारबुवा उठले. सवयीने डाव्या हाताला चार पावलं गेले आणि हात पुढे केला. तिथे काल फळी असणार. हात हवेतच फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला. ती जाऊन त्यांना धरून परत खुर्चीवर बसवून आली. हे आज बऱ्याचदा झालं असावं, कारण दोघंही त्याबद्दल काही बोलली नाहीत.

"कधी कळलं त्यांना?" भिंगसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पण दोन बैठका आणखी होऊ दिल्या. मी काय काय सांगते, ते बघायचं असेल. मग कंपनीने पुनर्रचनेत माझी जागा रद्द केली. कुणी ओरडलं नाही, काही नाही. फुलांचा गुच्छ दिला." तिने दातांनी दोरी तोडली. "आजोबांचा स्वतः फोन आला होता. म्हणाले, 'बाळ, फोटोत फार दमलेली दिसतेस. आता विश्रांती घे.'"

भिंगसाहेब पुढे झाले. "तुम्ही न्यायालयात हे—"

"मी तुम्हाला कधी भेटलेच नाही. तसं सही करून दिलंय मी त्यांना. त्या बदल्यात घर सोडायला महिनाअखेर मिळाली. नाहीतर त्याच दिवशी निघायला लागलं असतं."

"पण तुम्ही आलात याचा पुरावा आहे! फोटो आहे तुमचा!"

"आहे ना. त्यांच्याकडे." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच भिंगसाहेबांना सोसेना. "तुमच्याकडे काय आहे?"

मग त्यांनी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. चूक आपली आहे, पूर्णपणे आपली. आपण शब्द दिला आणि तो पाळता आला नाही. पण हे इथे संपणार नाही. आपण वरपर्यंत जाऊ. संचालकांच्या वर, मंत्रालयाच्या वर, जिथे सगळ्या देशांचे तपास एकत्र बसतात तिथपर्यंत. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, पण निवृत्त झालो तरी लिहू, बोलू, गप्प बसणार नाही. ती यंत्रं, तो हिरवा दिवा, त्याच्याकडे बघत बसलेली माणसं, या सगळ्यांचा जाब आजोबांना द्यावाच लागेल. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, हातही वर गेला. त्या अर्ध्या रिकाम्या खोलीत तो आवाज चांगला घुमला. वडिलांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान बोलतात," ते म्हणाले.

तिने शेवटच्या खोक्याची गाठ ओढून बघितली, कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"झालं बोलून?"

"हो."

"मग जाताना ही कचऱ्याची पिशवी खाली न्याल का? बाबांना एकटं सोडून मला उतरता येत नाही. आणि बुडाला हात लावून धरा. गळतीय."